पिवळ्या ओळीची माफी

साओरी कुनिएदाच्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा ती नुकती डबा उघडून बसली होती. पलीकडे त्सुकुदा नावाचे गृहस्थ होते. किनाऱ्यावरच्या एका मासेमारी गावात सगळ्या शाळांचे दुपारचे जेवण एकाच मोठ्या स्वयंपाकघरात शिजते, त्याच्या कचेरीतून ते बोलत होते. आधी त्यांनी जेवणाच्या वेळी फोन केल्याबद्दल माफी मागितली, मग माफी मागण्यात वेळ घेतल्याबद्दल मागितली आणि मग ते मुद्द्यावर आले.

"आमच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक पिवळी ओळ येते हो. ती मनावर घ्यायची असते का?"

"काय लिहिलंय तिच्यात?"

"'इशारा: अवलंबन-शृंखलेत परित्यक्त घटक आढळला.'" त्सुकुदांनी ती प्रार्थना म्हटल्यासारखी सावकाश वाचली. "मी आचाऱ्यांनाही दाखवली. त्यांनी टोप्या काढल्या."

साओरीचा घास हातातच राहिला. ती ओळ तिच्याच कंपनीची होती.

जपानमधल्या सेंदाई शहरातली ही कंपनी लहानमोठ्या धंद्यांना 'ओकामोची' नावाचा पॅकेज मॅनेजर पुरवते. नूडल्स घरपोच देणारा माणूस सायकलवर एका हाताने जी पेटी तोलत नेतो, तिचे हे नाव. सॉफ्टवेअर कोणी एकटा सगळेच्या सगळे लिहीत नाही. तारखांचा भाग एकाकडून, हिशेबाचा दुसऱ्याकडून, असे तयार भाग आणून जोडायचे असतात. ते भाग कोठारातून आणून देणे आणि त्यांतले काही बंद पडणार असेल तर ग्राहकाला आधी सांगणे, ही ओकामोचीची कामे. पहिले काम ती चोख करायची. दुसरे ती पिवळ्या ओळीत करायची, आणि ती ओळ आजवर एकाही ग्राहकाला समजलेली नव्हती. लिहिणाऱ्याला तरी समजली होती का, हे विचारायची सोय नाही, कारण तो केव्हाच नोकरी सोडून गेला.

"त्सुकुदासान, तुमच्याकडे तारखा सांभाळणारा 'कोयोमी' नावाचा भाग आहे," साओरी म्हणाली. "तो सप्टेंबरअखेर बंद होतोय. बदलला नाहीत तर एक ऑक्टोबरच्या सकाळी तुमची तांदळाची, माशांची ऑर्डर निघणारच नाही."

"अरे बापरे! मग करायचं काय?"

"सेटिंगच्या फाइलमध्ये कोयोमी काढून तिथे 'हिओरी' लिहायचं. बस्स."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तसंच का लिहीत नाही तुम्ही?"

साओरीने डबा बाजूला सरकवला. ती म्हणाली, "तुम्ही आत्ता बदलूनच टाका ना, मी फोनवर थांबते."

"छे छे! आमच्याकडे एकदा कुणीतरी फोनवर ऐकून सूपमध्ये मीठ दुप्पट टाकलं. तेव्हापासून नियम आहे, पडद्यावर लिहून येईल तेच करायचं. तुम्ही लिहा, मी त्या क्षणी करतो."

"आणि नाही लिहून आलं तर?"

"तर मुलं उपाशी राहतील," त्सुकुदा दुःखाने म्हणाले. "पण नियम नाही मोडता येणार."

साओरीने डबा तसाच झाकला. तिच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या टोप्या घालून आपल्या पाळीला वर्गाला वाढायला उभी राहिलेली मुले आली, हातात पळ्या आणि पुढ्यात रिकामी भांडी. तिने तिथल्या तिथे नवा इशारा लिहून काढला:

'१ ऑक्टोबरच्या सकाळी तुमचे काम बंद पडेल. कारण, कोयोमी हा भाग बंद होत आहे. उपाय, सेटिंगच्या फाइलमध्ये कोयोमीच्या जागी हिओरी लिहा.'

तीन वाक्ये. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता.

तिचे विभागप्रमुख हाताकेयामा यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि डॉक्टरांचा रिपोर्ट वाचावा तसा वाचला. मग चष्मा काढून ठेवला.

"कुनिएदासान, हे आपण ग्राहकाला सांगणार?"

"हो."

"तोंडावर?"

"पडद्यावर."

"'तुमचे काम बंद पडेल.'" त्यांनी ते वाक्य अगदी हळू आवाजात म्हटले, भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून. "अहो, 'तुमचा चहा गार होतोय' हेसुद्धा मी माझ्या सासऱ्यांना आजवर इतकं सरळ सांगितलेलं नाही."

"पण ते खरं आहे, हाताकेयामासान."

"खरं आहे म्हणूनच तर जपून बोलायचं! आधी माफी मागू. गैरसोय होणार आहे ना त्यांची? मग माफी हवीच."

कागद वर चढू लागला. हाताकेयामांनी माफी घातली आणि आपला शिक्का मारला, वरच्या साहेबांच्या जागेकडे किंचित झुकलेला, म्हणजे शिक्कासुद्धा लवून उभा आहे असे दिसावे. विक्रीप्रमुख ओनोदेरा या करड्या केसांच्या, कडक बाईंनी वर ऋतूचा मायना घातला, 'डोंगरउतारांवर पाने लालसर होऊ लागली असताना आपण सर्व कुशल असाल' असा. कायदा विभागाने 'काम बंद पडेल'च्या जागी 'कामाच्या सातत्याविषयी काही अंशी वेगळी परिस्थिती उद्भवण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही' असे केले. परत आला तेव्हा इशारा सबंध पडदाभर झाला होता. साओरीने हाताकेयामांपुढे अक्षरशः हात जोडले, तेव्हा कोयोमी-हिओरीचे वाक्य शेवटून दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात राहू देण्यात आले.

तो इशारा ज्या सकाळी सगळ्या ग्राहकांच्या पडद्यांवर झळकला, त्या सकाळी विक्री विभागात एकही फोन शांत बसला नाही. ग्राहकांनी लाल पाने वाचली होती, माफी वाचली होती आणि तिथेच ते थांबले होते. कुणी माफी मागितली असता त्याचे पुढचे बारकाईने वाचत बसणे, म्हणजे त्याने माफी नीट मागितली की नाही ते तपासणे. तसे कोणी सभ्य माणूस करत नाही.

"तुम्ही माफी मागितलीत," प्रत्येक जण घाबऱ्या आवाजात विचारत होता. "काय केलंय तुम्ही?"

साओरीला एखादा फोन घेऊ दिला असता तर तिने दोन वाक्यांत सांगून टाकले असते. पण माफी गेल्यावर ग्राहकांशी बोलणे हे विक्री विभागाचे काम, आणि तिथे उत्तर ठरलेले होते: "फोनवर सांगणं बरं दिसणार नाही. आम्ही स्वतः येतो."

ओनोदेरासाननी बैठक घेतली. "लेखी माफी गेली आहे, म्हणजे आता जावंच लागणार. प्रत्येक ग्राहकाकडे. काळे कपडे, योकान मिठाईची पेटी. आणि पेटी जड हवी. हलकी मिठाई नेली की माफीसुद्धा हलकी वाटते."

"योकानच्या ऐवजी एक चिठ्ठी नेली तर?" साओरीने विचारले. "फक्त उपाय लिहिलेली."

सगळे तिच्याकडे असे बघू लागले, जणू ती स्मशानात शीळ घालत होती.

पहिली भेट रंगांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे होती. दुकानाचे म्हातारे मालक, हाताकेयामा आणि साओरी, तिघेही कंबरेत वाकले आणि कोणी आधी सरळ व्हायचे हे न ठरल्यामुळे बराच वेळ तसेच राहिले. हाताकेयामांनी पेटी पुढे सरकवली. मालकांचे डोळे पाणावले.

"खरं तर चूक आमचीच," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुमची ती पिवळी ओळ येत होती. आम्ही एकदा तरी वाचायला हवी होती. कुठल्या तोंडाने तुमच्याकडे बघू?"

साओरीला हीच संधी वाटली. "तसं काही नाही हो, फक्त एक शब्द बदला, कोयो..."

हाताकेयामांचा चकचकीत बूट तिच्या पायावर येऊन टेकला आणि निरोप घेईपर्यंत तिथेच राहिला.

बाहेर आल्यावर साओरी लंगडत होती आणि संतापलेली होती. "मी सांगतच होते ना त्यांना!"

"माफी मागताना उपाय सांगायचा नसतो, कुनिएदासान. उपाय सांगितला की ती सबब होते. 'असं केलं असतंत तर काही झालंच नसतं' असा अर्थ निघतो त्याचा."

"मग उपाय सांगायचा कधी?"

"त्यांनी माफी स्वीकारल्यावर."

"ती कधी स्वीकारतील?"

"ते परतभेटीला येतील तेव्हा."

"बरं, मग परतभेटीत मी बोलू?"

हाताकेयामा विचारात पडले. "परतभेटीत ते माफी मागणार. तेव्हा मध्येच बोलणं म्हणजे त्यांची माफी अडवणं. तेही बरं नाही."

परतभेटी सुरू झाल्या. योकान घेतला म्हणजे काहीतरी परत द्यायला हवे, म्हणून येणारा प्रत्येक ग्राहक स्वतःची पेटी घेऊन आला. मोची नावाच्या तांदळाच्या मऊ लाडवांच्या पेट्या, तांदळाच्याच कुरकुरीत चकत्या, सफरचंदाच्या वड्या. बैठकीची खोली भरली, मग झेरॉक्सच्या यंत्रासमोर रांग लागली. कोपऱ्याकोपऱ्यात लोक एकमेकांपुढे वाकत होते आणि जिन्यात तर कोणी सरळ उभाच दिसत नव्हता. साओरी रोज संध्याकाळी कोठाराची नोंद उघडून बघायची. कोयोमी मागवणारे ग्राहक जितके होते तितकेच होते. एकानेही काही बदलले नव्हते. तिला रडू यायचे, आणि समोर कोणी ना कोणी मोची ठेवून जायचे.

त्यातच सुक्या माशांच्या एका कंपनीकडून विनंती आली. इशारा रोज सकाळी उमटायचा, आणि त्यांच्या शिस्तप्रिय मॅनेजरांनी तो रोज सकाळी सगळ्या कामगारांना उभे करून मोठ्याने वाचायला लावला होता. माफी आली की सगळे पडद्यापुढे वाकायचे आणि खालची बारीक अक्षरे वाचायची राहून जायची. काम उशिरा सुरू होत होते, मासे वाट बघत होते. 'आपली माफी आम्हांला मनापासून पोचली आहे, आता आपण ती मागे घ्यावी,' असे त्यांनी फार अदबीने कळवले. पाठोपाठ इतरांनीही तेच कळवले.

"माफी स्वीकारली गेली!" ओनोदेरासान पहिल्यांदाच हसल्या. "इशारा काढून टाका."

"काढून?" साओरी उभीच राहिली. "सप्टेंबर संपत आला! निदान जुनी ओळ तरी..."

"माफी स्वीकारल्यावर त्याच जागी पुन्हा इशारा? कुनिएदासान, असं कुणी करतं का?"

इशारा गेला. आता पडद्यावर नवी माफीही नव्हती आणि जुनी न समजणारी ओळही नव्हती. सगळीकडे छान काळे, शांत पडदे होते आणि त्यांच्यामागे कोयोमीचे शेवटचे दिवस मोजले जात होते.

शेवटची भेट त्सुकुदांकडे होती, महिना संपायला दोन दिवस असताना. स्वयंपाकघरातून मिसोच्या सूपचा वास येत होता. कचेरीच्या काचेपलीकडे आचारी एवढ्या मोठ्या कढया ढवळत होते की एकेकाला वल्ह्यासारखे उलथने लागत होते. त्सुकुदा पांढरी टोपी काढून वाकले, हाताकेयामा वाकले, पेटी पुढे झाली. त्सुकुदा म्हणाले की चूक आमचीच. हाताकेयामा म्हणाले की छे, आमचीच. भिंतीवर महिन्याचा जेवणाचा तक्ता होता. एक ऑक्टोबरच्या चौकटीत कोणीतरी रंगीत पेन्सिलीने चेस्टनट काढले होते, कारण त्या दिवशी चेस्टनटचा भात होता, मोसमातला पहिला.

त्या चित्राकडे बघता बघता साओरीच्या आत काहीतरी तुटले. ती वाकलेली होती ती ताठ झाली.

"माफी राहू द्या!" ती ओरडली. "सेटिंगच्या फाइलमधला कोयोमी काढा आणि तिथे हिओरी लिहा! आत्ताच्या आत्ता! नाहीतर एक ऑक्टोबरला मुलं उपाशी राहतील!"

काचेपलीकडची उलथनी थांबली. हाताकेयामा इतके खाली वाकले की त्यांचे कपाळ योकानच्या पेटीला लागले. त्सुकुदांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते गृहस्थ सज्जन होते. टोपी कुरवाळत ते हळूच म्हणाले, "पडद्यावर आलं की लगेच करतो हो."

परत येताना गाडीत हाताकेयामांनी रुमालाने कपाळ पुसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या पायावर पाय ठेवायला मला वेळच मिळाला नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, अपराधीपणा होता, आणि साओरीला तोच जास्त लागला. तिने ग्राहकाची अब्रू घालवली होती, साहेबांची घालवली होती आणि मुले तरीही उपाशी राहणारच होती. रस्त्याकडेचा समुद्र संपेपर्यंत ती बाहेर तोंड करून रडली.

ओनोदेरासाननी सगळे ऐकून घेतले आणि खुर्चीतून उठल्या. "त्या गावातच आपली ती ग्राहक, सुक्या माशांची कंपनी आहे. आचाऱ्यांनी ऐकलंय, म्हणजे उद्या बाजारात सगळ्यांना कळणार. दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण माफी मागायची. सगळ्या ग्राहकांची, आजच."

"भेटी घेऊन?" हाताकेयामांनी क्षीण आवाजात विचारले.

"तेवढा वेळ नाही. मागच्या वेळी जिथे मागितली तिथेच. पिवळ्या ओळीत."

मसुदा करायला सगळे बसले. साओरी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. हाताकेयामांनी सवयीने लाल पानांपासून सुरुवात केली.

"ऋतू नको!" ओनोदेरासान कडाडल्या. "एवढ्या गंभीर माफीत कुणी ऋतू घालतं का? सरळ गुन्ह्यावर या."

"तर, आमच्या एका कर्मचाऱ्याकडून काही अनुचित उद्गार..."

"काही म्हणजे काय? मोघम माफी म्हणजे लपवाछपवी. कोण, कधी, काय बोललं, शब्द न शब्द."

"शब्द न शब्द?" कायदा विभागाने विचारले. "ते 'काही अंशी वेगळी परिस्थिती' असं..."

"एक अक्षर बदललंत तर त्याची वेगळी माफी मागावी लागेल."

साओरीने मान वर केली. मग घाईघाईने पुन्हा खाली घातली, कारण चेहऱ्यावर जे उमटले होते ते माफी मागणाऱ्याचे नव्हते. कागद शिक्के घेऊन तासाभरात परत आला. इतक्या वेगाने त्या कंपनीत आजवर काही मंजूर झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पडद्यावर उमटले:

'काल दुपारी आमच्या कर्मचारी साओरी कुनिएदा एका ग्राहकाला ओरडून म्हणाल्या, "माफी राहू द्या! सेटिंगच्या फाइलमधला कोयोमी काढा आणि तिथे हिओरी लिहा! आत्ताच्या आत्ता! नाहीतर एक ऑक्टोबरला मुलं उपाशी राहतील!" या अक्षम्य वर्तनाबद्दल आम्ही मस्तक नमवून क्षमा मागतो.'

हे मात्र सगळ्यांनी वाचले. एकदा वाचून शेजारच्याला बोलावून पुन्हा वाचले. सुक्या माशांच्या कंपनीत ते नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचले गेले, आणि 'आत्ताच्या आत्ता' ऐकल्याबरोबर कॉम्प्युटरवाल्याने वाकायच्या आधीच शब्द बदलून टाकला. रंगांच्या दुकानाचे म्हातारे मालक फोन करून म्हणाले, "आमच्याकडे कुठली मुलं आहेत ते काही कळलं नाही, पण उपाशी राहायला नकोत. बदललंय आम्ही." साओरी कोठाराच्या नोंदीसमोर बसून होती. कोयोमी मागवणारे दुपारपर्यंत निम्मे झाले आणि दिवस मावळायच्या आत एकही उरला नाही. तिला उठून नाचावेसे वाटत होते. पण तिला खेदपत्र लिहायला बसवले होते, म्हणून तिने ते फार मन लावून लिहिले.

एक ऑक्टोबरला दुपारी त्सुकुदांचा फोन आला. त्यांनी आधी जेवणाच्या वेळी फोन केल्याबद्दल माफी मागितली.

"पडद्यावर आलं आणि केलं बघा त्या क्षणी. भात गेला सगळ्या शाळांत. पहिलीतल्या पोरांनी दोनदा घेतला." ते जरा घुटमळले. "तुम्हांला फार बोलणी बसली का हो?"

"बसली," साओरी म्हणाली, आणि तिला इतके हसू आले की रिसीव्हरवर हात ठेवावा लागला.

त्यानंतर आठवडाभराने हाताकेयामा तिच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून त्यांनी एक कागद दोन्ही हातांनी पुढे केला. त्यावर खालपासून वरपर्यंत शिक्के होते, सगळे अदबीने झुकलेले.

"डिसेंबरअखेर आणखी एक भाग बंद होतोय, कुनिएदासान," ते कुजबुजले. "तर या खेपेला कुणाशी उद्धटपणे बोलायचं, ते ठरवून वरून मंजुरी आणली आहे. ते रंगवाले मालक. त्यांना विचारलंही, ते तयार आहेत. शब्द तुमचे तुम्ही ठरवा. फक्त थोडक्यात असू द्या, मागच्यासारखे."

साओरीने तो कागद खालपासून वरपर्यंत वाचला. मग म्हणाली, "हाताकेयामासान, त्यापेक्षा मूळ इशाराच थोडक्यात लिहिला तर?"

हाताकेयामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांनी या सूचनेचा खरोखर प्रामाणिकपणे विचार केला.

"काहीही कारण नसताना," ते शेवटी गंभीरपणे म्हणाले, "ग्राहकाशी इतकं स्पष्ट बोलायचं?"